सासरचे नाव : जपानी पात्रांची नावे बदलतात तेव्हा

आज पंचविशीत असलेल्या आणि बोरिवली-मुलुंडकडच्या एखाद्या मराठी घरात वाढलेल्या कुणालाही ‘नोबिता कोण?’ असे विचारा. उत्तर लगेच येईल : ‘डोरेमॉन’मधला चष्मेवाला, गृहपाठ न करणारा, रडका पण मनाने चांगला मुलगा. ‘शिझुका कोण?’ हेही सांगता येईल. मग विचारा, ‘युमेको कोण?’ बहुतेकजण गप्प होतील. ‘बरे, सोनम कोण?’ असे विचारले की चेहरे खुलतील. ‘निन्जा हात्तोरी’मधल्या केनिचीला आवडणारी मुलगी! युमेको आणि सोनम एकच. मूळ जपानी मालिकेत ती युमेको आहे, आपल्याकडच्या हिंदी डबिंगमध्ये ती सोनम झाली. हात्तोरीशी वैर धरणारा केमुमाकी ‘अमारा’ झाला. केनिची मात्र केनिचीच राहिला.

यातली गंमत पुढे आहे. ‘डोरेमॉन’ आणि ‘निन्जा हात्तोरी’ या दोन्हींचे मूळ एकाच जोडीत सापडते. हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको हे दोन चित्रकार ‘फुजिको फुजिओ’ या एकाच टोपणनावाने काम करत. ‘डोरेमॉन’ हे फुजिमोतोंचे, ‘हात्तोरी’ आबिकोंचे. दोन्ही मालिका २००० नंतरच्या पहिल्या दशकात आपल्याकडच्या मुलांपर्यंत आल्या, एकाच भाषेत आल्या. तरी एकीतली नावे जशीच्या तशी राहिली आणि दुसरीतली निम्मी बदलली. असे का झाले असेल? नाव बदलल्याने काय मिळते आणि काय जाते? आणि ते बदलण्याचा अधिकार कुणाचा?

विषय पोरकट वाटण्याची शक्यता आहे. पण मराठी साहित्याने याच प्रश्नाला दीडशे वर्षांपूर्वी तोंड दिलेले आहे आणि त्याची उत्तरेही दिलेली आहेत. त्या उत्तरांच्या उजेडात जपानी खेळ आणि मालिका पाहिल्या तर आपल्याच भाषेविषयी काही कळते, असे मला वाटते. म्हणून हा प्रपंच.

ताटातले तांदूळ

महाराष्ट्रात लग्नानंतर ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवरीचे नवे नाव लिहिण्याची रीत अनेक घरांत होती. काही घरांत अजूनही आहे. माहेरची कुसुम सासरी सुनंदा होई. त्या एका कृतीत दोन विधाने असत. एक, ही आता आमच्या घरची झाली. दोन, हिला काय म्हणायचे ते आम्ही ठरवू. पहिल्या विधानात माया असू शकते, दुसऱ्यात सत्ता असतेच. परभाषेतले पात्र आपल्या भाषेत येते तेव्हा त्याच्या बाबतीतही हेच घडते.

शेक्सपिअर मराठीत आला तेव्हाची गोष्ट पाहा. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले तेव्हा नायकाचे नाव तेच ठेवले. पुढच्या पिढीने वेगळा मार्ग धरला. आगरकरांच्या ‘विकारविलसित’मध्ये हॅम्लेट चंद्रसेन झाला. देवलांच्या ‘झुंझारराव’मध्ये (१८९०) ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डिमोनाची कमळजा आणि इयागोचा जाधवराव. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’मधल्या कॅथरिनाला थेट रामायणातल्या राक्षसिणीचे नाव देऊन ‘त्राटिका’ केले आणि तिच्यासमोर प्रतापराव उभा केला. नाटक पाहायला आलेल्या माणसाला या बाईचा स्वभाव समजावून सांगण्याची गरजच उरली नाही. पडदा वर जाण्याआधी नावानेच ते काम केले होते.

या सगळ्यांत मला सर्वांत शिकवणारे उदाहरण वाटते ते ‘संशयकल्लोळ’चे. मोलिएरने १६६० मध्ये ‘स्गानारेल’ लिहिले. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजीत ‘ऑल इन द राँग’ रचले. मर्फीच्या नाटकातला संशयी नवरा म्हणजे सर जॉन रेस्टलेस; नावाचा अर्थच ‘अस्वस्थ’. देवलांपर्यंत कथा आली ती या इंग्रजी वाटेने. त्यांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक केले आणि १९१६ मध्ये त्याचेच संगीत रूप ‘संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आले. म्हणजे कथा फ्रेंचमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत, अशी दोन मुक्काम करून आली.

देवलांनी ‘रेस्टलेस’चे भाषांतर ‘अस्वस्थराव’ असे केले नाही. त्यांनी पंचांग उघडले. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या ही नावे महिन्यांची; कृत्तिका आणि रेवती ही नक्षत्रांची. फाल्गुन म्हटला की शिमगा, बोंबाबोंब आणि थट्टा आलीच. भादव्या म्हटले की तो नोकर हे कळते, अश्विनशेठ म्हटले की पैसेवाला रसिक कळतो. शिवाय ‘राव’, ‘शेठ’ आणि ‘व्या’ या तीन शेपट्यांनी तीन माणसांची समाजातली जागा दाखवली. मोलिएरचे काही उरले नाही, मर्फीचे काही उरले नाही. पण दोघांनी नावांकडून जे काम करून घेतले होते ते मराठीत पूर्ण झाले. आज कुणी ‘फाल्गुनराव हे नाव उसने आहे’ असे म्हणणार नाही. सून घरची झाली ती अशी.

चार-पाच अक्षरांची जागा

आता जपानी व्हिडिओ गेमकडे वळू. परदेशी बाजारासाठी खेळ तयार करण्याच्या कामाला त्या धंद्यात ‘लोकलायझेशन’ म्हणतात. नाटककाराला नसलेल्या काही अडचणी तिथे असतात आणि त्यातली पहिली अडचण जागेची.

‘पोकेमॉन’चे पहिले खेळ जपानात १९९६ मध्ये आले. हातात मावणाऱ्या छोट्या यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक प्राण्याच्या नावासाठी जपानीत पाच अक्षरांची जागा होती. इंग्रजी आवृत्तीत ती दहा अक्षरांची झाली. जपानी लिपीतले एक अक्षर आपल्या बाराखडीतल्या अक्षरासारखे असते, ‘का’ किंवा ‘ची’सारखे पूर्ण उच्चाराचे. त्यामुळे पाच अक्षरांत पुष्कळ मावते. आगीचा सरडा ‘हितोकागे’ होता : ‘हि’ म्हणजे आग आणि ‘तोकागे’ म्हणजे सरडा किंवा पाल. इंग्रजीत तो ‘चार्मँडर’ झाला, म्हणजे जळणे आणि सॅलमँडर यांची सांधणी. इंग्रजी स्पेलिंग मोजले तर बरोबर दहा अक्षरे भरतात. पाठीवर कंद वाढणारा ‘फुशिगीदाने’ म्हणजे ‘नवलाचे बी’. पण जपानीत तेच शब्द ‘नवलच आहे, नाही?’ असेही ऐकू येतात. इंग्रजीतल्या ‘बल्बासॉर’मध्ये कंद राहिला, नवल गेले.

यात भाषांतरकाराचा दोष काढता येत नाही. श्लेष हा भाषेच्या अंगावरच्या तिळासारखा असतो. तो उचलून दुसऱ्याच्या गालावर ठेवता येत नाही. नवा श्लेष शोधावा लागतो. काही वेळा तो शोध फार सुंदर असतो. ‘पोकेमॉन’मध्ये सतत फजिती होणारी चोरांची एक जोडी आहे. जपानीत त्यांची नावे मुसाशी आणि कोजिरो. जपानी मुलाला ही नावे लगेच कळतात, कारण १६१२ मध्ये गानर्यू बेटावर झालेले मियामोतो मुसाशी आणि सासाकी कोजिरो यांचे द्वंद्वयुद्ध तिथे घराघरांत माहीत आहे. अमेरिकी मुलाला ही नावे मुकी. म्हणून इंग्रजीत त्यांची नावे ‘जेसी’ आणि ‘जेम्स’ झाली. जेसी जेम्स हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेतला कुप्रसिद्ध दरोडेखोर. त्याच्या एका नावाचे दोन तुकडे करून ते दोन चोरांना वाटून दिले. जपानी इतिहासाच्या जागी अमेरिकी इतिहास आला आणि विनोद तसाच राहिला. देवलांनी हे पाहिले असते तर मान डोलावली असती.

नायकाच्या बाबतीत मात्र काही हरवले. त्याचे जपानी नाव सातोशी, आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे शिगेरू. सातोशी ताजिरी हे ‘पोकेमॉन’चे जनक आणि शिगेरू मियामोतो हे त्यांना गुरुस्थानी असलेले, ‘मारिओ’चे जनक. म्हणजे शिष्याने खेळात स्वतःला आणि आपल्या गुरूला समवयस्क स्पर्धक म्हणून उतरवले होते. इंग्रजीत सातोशीचा ‘अ‍ॅश केचम’ झाला आणि शिगेरूचा ‘गॅरी’. ‘केचम’मध्ये ‘पकडा त्यांना’ हे खेळाचे ब्रीद ऐकू येते, हे खरे. पण गुरुशिष्याची ती आडून केलेली खूण पुसली गेली.

दुसरी अडचण कायद्याची आणि बदनामीची. १९८० मध्ये जपानात आलेला ‘पकमॅन’ अमेरिकेत ‘पॅकमॅन’ झाला. कारण मूळ नावातले पहिले इंग्रजी अक्षर कुणी थोडे खरवडले असते तर यंत्रावर शिवी उमटली असती. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये जपानी आवृत्तीतल्या मुष्टियोद्ध्याचे नाव आणि रूप माइक टायसनची आठवण करून देणारे होते. खटल्याची धास्ती वाटून अमेरिकी आवृत्तीत तीन खलपात्रांची नावे एकमेकांत फिरवली. मुष्टियोद्ध्याचे नाव हुकूमशहाला, हुकूमशहाचे स्पॅनिश लढवय्याला आणि त्या लढवय्याचे मुष्टियोद्ध्याला. तिन्ही नावे राहिली, तिन्ही माणसे बदलली. आजही जपानी आणि अमेरिकी खेळाडू या पात्रांबद्दल बोलू लागले की आधी ‘तुझा कोणता?’ हे ठरवावे लागते.

आणि कधीकधी सासरचे नाव माहेरही स्वीकारते. १९८१ च्या ‘डाँकी काँग’ खेळातल्या सुताराला सुरुवातीला ‘जंपमॅन’ म्हणत. निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या शाखेतल्या माणसांनी आपल्या गोदामाच्या मालकावरून, मारिओ सेगाले यांच्यावरून, त्याला मारिओ म्हणायला सुरुवात केली. तेच नाव जपानातही कायम झाले. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटी गल्लोगल्ली फिरल्या, तेव्हा मुंबईच्या मुलांनीही तेच उचलले.

नावामागून घर

नाव बदलले की काम संपत नाही. ‘ग्याकुतेन साइबान’ हा २००१ चा जपानी खेळ एका तरुण वकिलाचा आहे. त्याचे आडनाव नारुहोदो. जपानीत ‘नारुहोदो’ म्हणजे ‘अच्छा, असे होय!’ कोर्टात साक्षीदार बोलतो, वकील मनात म्हणतो, ‘असे होय!’, आणि तेच त्याचे नाव. २००५ च्या इंग्रजी आवृत्तीत तो ‘फीनिक्स राइट’ झाला. राइट म्हणजे बरोबर, फीनिक्स म्हणजे राखेतून उठणारा पक्षी. हरत आलेला खटला फिरवणाऱ्या वकिलाला दोन्ही शोभतात.

पण फीनिक्स राइट नावाचा माणूस जपानात वकिली कशी करणार? म्हणून सगळी गोष्ट लॉस एंजेलिसला हलवली. त्याच्या सहायक मुलीला रामेन आवडत असे. तिला बर्गर आवडू लागला. पहिल्या भागापुरते हे निभावले. पुढच्या भागांत मात्र जपानी देवळे आणि जपानी कर्मकांड गोष्टीच्या गाभ्यातच आले, आणि कॅलिफोर्नियात हाझाकुरा नावाचे देऊळ उभे राहिले. खेळणाऱ्यांनी ते हसत हसत मान्य केले, पण सांधा दिसायचा तो दिसलाच. नाव बदलणाऱ्याने घरही बदलायचे असते, आणि घर बदलायचे तर शेवटपर्यंत बदलायचे असते. देवलांनी फाल्गुनरावाला नाव दिले तेव्हा वाडा, नोकर, तसबीर, गाणे असे सगळेच दिले होते.

उलट दिशेचाही प्रवास झाला आहे. १९९६ च्या ‘पर्सोना’ या खेळाच्या इंग्रजी आवृत्तीत पात्रांची नावे बदलली होती. त्याच मालिकेतला चौथा खेळ २००८ मध्ये आला तेव्हा योसुके आणि चिए यांची नावे तशीच होती. इतकेच नव्हे, तर ‘सान’ आणि ‘कुन’ ही आदराची व सलगीची शेपटेही इंग्रजीत तशीच ठेवली होती. बारा वर्षांत परदेशी खेळाडूचा कान तयार झाला होता. मराठीतही असेच झाले होते. ‘झुंझारराव’नंतर सत्तर वर्षांनी, १९६१ मध्ये, शिरवाडकरांनी तेच नाटक मराठीत आणले तेव्हा नाव ‘ऑथेल्लो’ ठेवले. विंदांच्या १९७४ च्या ‘राजा लिअर’मध्येही लिअर लिअरच आहे. वाचकाचा परिचय वाढतो तसे माहेरचे नाव परत येते.

अंधेरीच्या वाटेने

आता पुन्हा मुंबईकडे. हिंदी डबिंगचे काम बहुतांशी मुंबईत आणि त्यातही अंधेरीच्या आसपासच्या स्टुडिओंत होते. जपानी मुलांच्या मालिका आपल्याकडच्या मुलांना जपानीतून थेट मिळाल्या असे समजण्याचे कारण नाही. नावांचा माग काढला की मधला मुक्काम उघड होतो.

‘पोकेमॉन’ हिंदीत आले ते अमेरिकी नावांसह. घाटकोपरच्या मुलाने अ‍ॅश, मिस्टी, ब्रॉक ऐकले; सातोशी, कासुमी, ताकेशी ऐकले नाहीत. तेही एक वेळ चालेल. पण जेसी आणि जेम्स? अमेरिकी मुलाला मुसाशी-कोजिरो कळत नाहीत म्हणून ती नावे बदलली होती. घाटकोपरच्या मुलाला मुसाशी जितका परका, तितकाच जेसी जेम्स हा दरोडेखोरही परका. म्हणजे एका मुलासाठी केलेली सोय दुसऱ्या मुलाच्या गळ्यात पडली आणि त्याच्यापर्यंत ना जपानी विनोद पोचला ना अमेरिकी. दोन नुसती इंग्रजी नावे पोचली.

‘शिनचान’मध्ये तर अर्धी वाट एकीकडची आणि अर्धी दुसरीकडची आहे. शिनचानची आई मिसाए, बाबा हिरोशी. हिंदीत ती ‘मित्सी’ आणि ‘हॅरी’ झाली. ही नावे आधीच्या एका इंग्रजी डबिंगमधून आलेली आहेत. त्याच इंग्रजी डबिंगमध्ये मित्रांचीही नावे बदलली होती, पण हिंदीत काझामा, नेने, मासाओ हे मूळ जपानी नावांनीच वावरतात. परिणाम असा की मुलगा जपानी, त्याचे मित्र जपानी, आईबाप मात्र अर्धे साहेबी. ‘शिनचान’ या नावाची आणखी एक गंमत. मुलाचे नाव शिन्नोसुके. ‘चान’ ही लाडाची शेपटी, आपल्या ‘बंड्या’तल्या ‘या’सारखी. आपल्याकडे नाव आणि शेपटी एकजीव होऊन ते पूर्ण नावच झाले.

‘डोरेमॉन’ या बाबतीत भाग्यवान. २०१४ मध्ये अमेरिकेत दाखवलेल्या आवृत्तीत नोबिताचा ‘नोबी’, शिझुकाची ‘सू’, जियानचा ‘बिग जी’ आणि सुनियोचा ‘स्नीच’ झाला. येनच्या नोटा डॉलर झाल्या. हिंदी आवृत्ती त्याआधीच येऊन स्थिरावली होती, म्हणून आपली मुले त्यातून सुटली. हिंदीत माणसांची नावे राहिली आणि बदलले फक्त डोरेमॉनच्या आवडत्या ‘दोरायाकी’चे, तो ‘डोरा केक’ झाला. हे मला शहाणपणाचे वाटते. दोन चकत्यांमध्ये गोड सारण भरलेला पदार्थ मुलाला कळणे गरजेचे होते, कारण त्यावर विनोद होतात. नोबिताचा अर्थ कळणे गरजेचे नव्हते, कारण नोबिता स्वतःच समोर होता.

सोनमबद्दल काय म्हणायचे? युमेकोतला ‘युमे’ म्हणजे स्वप्न. सोनममध्ये स्वप्न नाही, आणि तिच्या आजूबाजूचे घर, शाळा, चटया, पादत्राणे काढून आत जाणे, सगळे जपानीच राहिले. शेजारी केनिची आहे, शिन्झो आहे. मधेच एक सोनम. नाव बदलले, घर बदलले नाही. फीनिक्स राइटचा जो सांधा तिसऱ्या भागात दिसला, तो इथे पहिल्या भागातच उघडा आहे. मुलांना त्याचे काही वाटले नाही, त्यांनी सोनमला जीव लावला, हे खरे. पण त्याच मुलांनी शिझुकालाही जीव लावला होता. म्हणजे बदलाची गरज मुलांना नव्हती. ती मोठ्यांना वाटली होती.

घर पूर्ण बदलण्याचे धाडस झाले ते एकदा. ‘क्योजिन नो होशी’ ही १९६६ पासूनची गाजलेली बेसबॉलची चित्रकथा. नायकाचे आडनाव होशी, म्हणजे तारा. तिच्यावरून २०१२ च्या डिसेंबरात कलर्स वाहिनीवर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही मालिका आली. बेसबॉलचे क्रिकेट झाले, टोकियोची मुंबई झाली. मूळ कथेत बाप मुलाच्या अंगावर सरावासाठी स्प्रिंगांचे जोखड चढवतो. इथे सायकलच्या ट्यूब आल्या. आणि ताऱ्याचा सूर्य झाला. सूर्य हाही ताराच, आणि उगवतो तोही सूर्यच. नाव ठेवणाऱ्याने अर्थ पाहिला, गाव पाहिले, मग नाव ठेवले. मालिका मोठी गाजली असे नाही, पण नामकरणाच्या कसोटीवर ती देवलांच्या परंपरेत बसते.

आडनावाची धास्ती

मराठीत हे काम करायचे झाले तर एक अडचण अशी येईल जी जपानी-इंग्रजीच्या व्यवहारात नाही. आपल्याकडे नाव, आणि त्याहून आडनाव, जातीसह गावापर्यंत सगळे सांगून टाकते. पु. ल. देशपांड्यांनी ‘पिग्मॅलियन’वरून १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ आणले तेव्हा हिगिन्सचा अशोक जहागीरदार आणि एलायझाची मंजुळा साळुंके झाली. शॉला जे अंतर दाखवायला इंग्रजी उच्चारांची सगळी फौज लागली, त्यातले निम्मे अंतर या दोन आडनावांनीच दाखवले. ते मराठी नामकरणाचे बळ.

पण तेच भयही आहे. देवलांनी खलनायकाला जाधवराव म्हटले. आज असे करताना कुणीही दहा वेळा विचार करील. मुसाशी आणि कोजिरो या पूजनीय योद्ध्यांची नावे जपानी माणसाने दोन विदूषकी चोरांना दिली आणि कुणाचे काही बिघडले नाही. आपण संताजी आणि धनाजी ही नावे अशा जोडीला देऊन पाहू शकतो का? सोनम, सूरज, विक्रम अशी, प्रांत वा जात न सांगणारी नावे हिंदी मालिकांत का निवडली जातात, याचे एक उत्तर इथे सापडते. ती नावे कुणालाही दुखवत नाहीत, आणि म्हणूनच फारसे काही सांगतही नाहीत. ज्या महाराष्ट्रात एका विद्यापीठाच्या नामांतरासाठी सोळा वर्षांचा लढा झाला आणि माणसे मेली, तिथे नाव हा हलका विषय नाही. ही धास्ती खोटी नाही. पण धास्तीपोटी गप्प बसले तर नाव दुसरा कुणी तरी ठेवतो, हेही तितकेच खरे.

कान तयार आहेत

‘मग सगळी नावे मूळचीच ठेवा’ हा सोपा तोडगा आहे, आणि तो पुष्कळदा बरोबरही असतो. ‘तोत्तोचान’ हे तेत्सुको कुरोयानागींचे १९८१ चे पुस्तक चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणले. तोमोए शाळा, कोबायाशी मुख्याध्यापक, ही नावे तशीच आहेत. मराठी शिक्षकांनी आणि मुलांनी ती आपली मानली. तेत्सुको नावाची मुलगी स्वतःला ‘तोत्तोचान’ का म्हणवते, हे पुस्तकच सांगते : लहानपणी तिला तिचे नाव तसेच ऐकू येई. मराठी वाचकाला ते समजायला एक वाक्य पुरले. जपानी नावे मराठी जिभेला जडही नाहीत. तो-त्तो-चान, को-बा-या-शी, नो-बि-ता : प्रत्येक अक्षर मोकळे, आपल्या बाराखडीत चपखल बसणारे. ‘चार्मँडर’पेक्षा ‘हितोकागे’ मराठी मुलाला लिहायला सोपे आहे, आणि संगणकाच्या मोजणीतही ‘चार्मँडर’च्या चार अक्षरांमागे काना, पाय मोडणे, चंद्रबिंदू धरून आठ खुणा असतात.

पण हितोकागेतला सरडा आणि नारुहोदोतले ‘असे होय!’ हे मूळ नाव ठेवूनही पोचत नाहीत. तिथे फाल्गुनरावाचा मार्ग घ्यावा लागतो. म्हणून नियम एकच असू शकत नाही. माझ्यापुरत्या मी तीन कसोट्या ठरवल्या आहेत. नाव काही काम करत आहे का? करत नसेल तर त्याला हात लावू नये. नोबिता नोबिताच बरा. काम करत असेल, तर नवे नाव तेच काम आपल्या भाषेत करते का? सूरज करतो, सोनम करत नाही. आणि तिसरी कसोटी : नाव कुणाच्या कानासाठी बदलले? जेसी-जेम्स या कसोटीवर नापास होतात. अमेरिकेत नव्हे, घाटकोपरला.

या तिसऱ्या कसोटीशीच खरे दुखणे आहे. २०२३ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा मोबाइलवरचा खेळ हिंदीत आला. म्हणजे भारतीय भाषांचा विचार होऊ लागला आहे. मुंबईत या कामाचे स्टुडिओ आहेत, आवाज देणारे मराठी कलावंत तिथे रोज जातात, आणि तरी उपनगरातल्या मराठी घरातले मूल जपानी गोष्ट मुख्यतः हिंदीतून, तीही कधी इंग्रजीच्या उष्ट्या नावांनिशी ऐकत मोठे झाले. फाल्गुनराव, झुंझारराव, त्राटिका, मंजुळा अशी नावे ठेवणारी भाषा या एका पिढीच्या बालपणात नाव ठेवायला हजरच नव्हती. देवलांचे नाव पुस्तकावर छापलेले आहे. फाल्गुनराव आवडला नाही तर कुणाला जाब विचारायचा ते ठाऊक आहे. सोनमचे नाव कुणी ठेवले, ते मालिकेच्या श्रेयनामावलीतून कळत नाही.

उद्या एखादा जपानी खेळ मराठीत करायचे कुणी मनावर घेतले, तर त्याने कामाची सुरुवात नावांच्या यादीपासून करावी. एका रकान्यात जपानी नाव, दुसऱ्यात त्याचा अर्थ, तिसऱ्यात ते नाव गोष्टीत कोणते काम करते, चौथ्यात मराठी पर्याय, आणि पाचव्यात तो पर्याय सुचवणाऱ्याचे नाव. चौथा रकाना बऱ्याच ठिकाणी कोरा राहील, आणि राहू द्यावा. पाचवा मात्र एकदाही कोरा सोडू नये.